पित्ताशयाचं ऑपरेशन आणि पित्तनलिकेची इजा: चूक हाताची कमी, नजरेची जास्त

पित्ताशय काढताना सर्जनला एक नळी कापावी लागते. ती असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद. तिला खेटूनच दुसरी एक नळी असते, साधारण दुप्पट रुंदीची, आणि तिला धक्काही लागून चालत नाही. पहिली नळी कापली की बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पहिली समजून दुसरी कापली गेली, तर पुढचे कित्येक महिने, कधीकधी वर्षं, ड्रेन (पोटात साचलेला द्रव बाहेर काढणारी नळी), स्टेंट (आतली वाट उघडी ठेवणारी बारीक नळी), कावीळ आणि पुन्हा ऑपरेशन यांत जातात. पित्तनलिकेची इजा म्हणतात तिचा सगळ्यात गंभीर प्रकार हाच.

असं वरचेवर होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पोट उघडून ऑपरेशनं व्हायची तेव्हा हजारात एक-दोघांना ही इजा होत असे. दुर्बिणीची पद्धत आली आणि सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण हजारात पाचच्या आसपास गेलं. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेखाली १९९०च्या दशकात झालेल्या सुमारे १५ लाख ७० हजार ऑपरेशनांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यात ७,९११ जणांची मुख्य पित्तनलिका जखमी झालेली आढळली. हात बसत गेला तसं प्रमाण उतरलं आणि आता ते हजारात दोन-तीनच्या घरात सांगितलं जातं. आकडा छोटा दिसतो, पण पित्ताशयाचं ऑपरेशन इतकं सर्रास होतं की जगभरात दरवर्षी असे रुग्ण हजारोंनी निघतात. त्यातले बरेचसे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चांगले हिंडते-फिरते असतात.

नळ्यांचा नकाशा

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नळी बाहेर पडते. त्या यकृताच्या तोंडाशीच एकत्र येतात आणि तिथून एक मुख्य नळी खाली निघते. वाटेत पित्ताशयाची छोटी नळी बाजूनं येऊन तिला मिळते. पुढे मुख्य नळी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागामागून आणि स्वादुपिंडाच्या डोक्यातून जात आतड्यात उघडते. पित्ताशय ही या मार्गाच्या बाजूला लटकलेली पिशवी. तीत ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं, तेही पाणी शोषून घेऊन घट्ट केलेलं. जेवणातले स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की पिशवी आकुंचन पावते आणि साठा खाली सोडते.

ही पिशवी काढून टाकली तर शरीराचं फारसं अडत नाही. पित्त साठण्याऐवजी सतत आतड्यात झिरपत राहतं, एवढाच फरक. मुख्य नळीचं तसं नाही. यकृतातून बाहेर पडायचा पित्ताचा तो एकच रस्ता आहे. तो बंद झाला तर पित्त मागे तुंबतं, यकृताला सूज येते, कावीळ होते. तुंबलेपण महिनोन्‌महिने राहिलं तर यकृत कडक होत जातं.

पित्ताशयाची नळी, मुख्य नळी आणि वर यकृताची कडा यांच्यामध्ये एक छोटी त्रिकोणी जागा तयार होते. तिला कॅलोचा त्रिकोण म्हणतात. फ्रेंच डॉक्टर जाँ-फ्रान्स्वा कॅलो यांनी १८९१ साली आपल्या प्रबंधात या जागेचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी याच त्रिकोणातून जाते. यकृताच्या उजव्या भागाची मोठी धमनीही बऱ्याचदा इथूनच डोकावते. सगळं ऑपरेशन या चिमूटभर जागेत ठरतं, आणि ती जागा चरबीनं झाकलेली असते. वर प्रत्येकाच्या पोटातला नकाशा पुस्तकाबरहुकूम असतोच असंही नाही. कुणाची पित्ताशयाची नळी अगदी आखूड असते. कुणाची मुख्य नळीला चिकटून बरीच खाली जाते आणि मग तिला मिळते. कुणाच्या यकृताच्या उजव्या भागातली एखादी नळी खाली उतरून थेट पित्ताशयाच्या नळीतच शिरते. बाहेरून हे कळायला मार्ग नसतो.

डोळ्यांना दिसतं ते

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केलं. पुढची शंभर वर्षं हे काम पोट उघडूनच होत राहिलं. सर्जनची बोटं आत असायची. नळी चिमटीत धरून तिची जाडी, तिची दिशा, आतला खडा हे सगळं हाताला कळायचं. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढच्या सात-आठ वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. रुग्णांच्या दृष्टीनं फायदा उघड होता: छोट्या जखमा, कमी वेदना, लवकर सुट्टी. सर्जनच्या हातून मात्र स्पर्श गेला. राहिलं ते पडद्यावरचं चित्र, आणि नेहमीच्या कॅमेऱ्यात त्या चित्राला खोली नसते.

ठरावीक इजा होते कशी, ते जरा जवळून पाहू. पित्ताशयाच्या खाली काम करता यावं म्हणून मदतनीस चिमट्यानं पिशवीचं टोक धरून ते यकृताच्या वर, रुग्णाच्या डोक्याच्या दिशेनं रेटून धरतो. दुसऱ्या चिमट्यानं पिशवीचा मानेजवळचा, म्हणजे नळीकडे निमुळता होत जाणारा भाग धरलेला असतो. हा भाग बाहेर आणि थोडा खाली ओढला तर त्रिकोण उघडतो आणि दोन नळ्यांमधला कोन दिसतो. तोही वरच्याच दिशेनं ओढला गेला तर पित्ताशयाची छोटी नळी ताणली जाऊन मुख्य नळीच्या सरळ रेषेत येते. आता पडद्यावर काय दिसतं? पित्ताशयातून निघालेली एक नळी सरळ खाली चालली आहे. ती मध्येच मुख्य नळी झाली आहे, हे दिसत नाही. सर्जन तिच्यावर क्लिपा लावतो आणि कापतो.

खरी हानी पुढे होते. पित्ताशय वर सोडवत नेताना आणखी एक नळी आडवी येते. ती असते यकृताकडून येणारी मुख्य नळीचीच वरची बाजू. पण ‘पित्ताशयाची नळी कापून झाली’ हे मनात पक्कं बसलेलं असल्यामुळे ही नवी नळी ‘एखादी जादा बारीक नळी’ वाटते आणि तीही कापली जाते. मागची उजवी धमनी ‘पित्ताशयाच्या धमनीची फांदी’ समजून तिच्यावरही क्लिप बसते. पित्ताशय बाहेर येतं तेव्हा त्याच्यासोबत मुख्य नळीचा एक तुकडाही आलेला असतो.

आपणच लिहिलेला मजकूर तपासताना राहिलेली चूक आपल्याला दिसत नाही, कारण डोळे शब्द पाहतात आणि मन आधीच ठरलेलं वाक्य वाचतं. इथे तसंच होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा २५२ इजांचा अभ्यास मांडला. ऑपरेशनच्या नोंदी होत्या, काहींच्या चित्रफिती होत्या. ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम निघालं, म्हणजे नळीची ओळखच चुकलेली होती. हाताच्या कौशल्यातला दोष फक्त ३ टक्क्यांत होता. बहुतेक सर्जनना आपलं काही चुकतंय असं त्या वेळी वाटलंसुद्धा नव्हतं. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करणारी वाटते. घाबरलेला माणूस थांबतो. खात्री असलेला माणूस थांबत नाही.

खुणा मात्र असतात. नळी इतकी रुंद की क्लिप तिच्या पलीकडे पोचत नाही. नळी आतड्याच्या मागे जाताना दिसते. आधी कापून झालेलं असताना आणखी एक नळी समोर येते. कोरड्या जागेत अचानक हिरवट-पिवळं पित्त दिसतं. यातलं काहीही झालं तर पुढची कात्री थांबायला हवी.

दृष्टिभ्रमाखेरीजही कारणं आहेत. वारंवार सूज येऊन आक्रसलेल्या पित्ताशयात त्रिकोणाची जागाच उरत नाही, सगळं एकमेकांना चिकटून दगडासारखं कडक झालेलं असतं. रक्तस्राव झाला की घाईत क्लिपा मारल्या जातात आणि त्यांत नळी सापडते. वीज वापरून कापण्या-डागण्याच्या उपकरणाची आच नळीला लागली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. नळी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आखडत जाते.

थांबायचं कुठे

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली एक नियम घालून दिला. आज तो जगभर शिकवला जातो. काहीही कापण्यापूर्वी तीन गोष्टी डोळ्यांसमोर असल्या पाहिजेत. त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ झालेले. पित्ताशयाचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवलेला, म्हणजे मागचं यकृत दिसतंय. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोन गोष्टी उरलेल्या, एक नळी आणि एक धमनी. तीन नाही, ‘बहुधा दोन’ही नाही. या नियमातली खुबी अशी की तो मुख्य नळी शोधायला सांगतच नाही. कापायच्या गोष्टीची ओळख दोन बाजूंनी, पुढून आणि मागून पटवा, एवढंच तो म्हणतो. शोधत मुख्य नळीजवळ गेलात तर तीच दुखावण्याचा धोका.

शंका असेल तर आणखी साधनं आहेत. नळीत रंगद्रव्य सोडून टेबलावरच एक्स-रे काढता येतो. अर्जेंटिनातल्या पाब्लो मिरिझी यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. हल्ली शिरेतून एक हिरवं द्रव्य देतात. ते पित्तातून बाहेर पडतं आणि खास कॅमेऱ्यात नळ्या चमकताना दिसतात. सूज फार असेल, चरबी जाड असेल तर चमक अंधुक होते, त्यामुळे यावरही आंधळा विश्वास ठेवून भागत नाही.

आणि तीन गोष्टी दिसल्याच नाहीत तर? तर ऑपरेशनचा बेत बदलायचा. पित्ताशयाचा मानेकडचा थोडा भाग तसाच ठेवून वरची पिशवी उघडायची, खडे काढायचे, पिशवी कापून काढायची आणि त्रिकोणात शिरायचंच नाही. किंवा पोट उघडायचं. किंवा फक्त ड्रेनची नळी ठेवून पित्ताशय रिकामं करायचं आणि सूज उतरल्यावर पुन्हा यायचं. किंवा जास्त अनुभवी सहकाऱ्याला टेबलापाशी बोलवायचं.

इथे नातेवाइकांशी थोडं बोलायला हवं. ‘दुर्बिणीनं करतो म्हणाले आणि पोट उघडलं’ किंवा ‘अर्धंच काढलं’ अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते, आणि त्या सुरात सर्जनचं अपयश गृहीत धरलेलं असतं. बहुतेक वेळा ते उलट असतं. आत परिस्थिती अवघड दिसली आणि तो माणूस वेळेवर थांबला. अर्धवट ठेवलेल्या पित्ताशयातून काही दिवस पित्त गळू शकतं, क्वचित उरलेल्या भागात पुन्हा खडे होतात. मुख्य नळी तुटण्यापुढे हे त्रास किरकोळ आहेत. ऑपरेशनपूर्वी भेटलात तर सर्जनला सरळ विचारा: आत नीट दिसलं नाही तर तुम्ही काय करता? या प्रश्नाला लगेच, न चिडता, तपशिलानं उत्तर देणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. ‘तशी वेळच येत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा तर नक्कीच.

त्याआधीचा प्रश्न: ऑपरेशन हवंच आहे का? दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडले आणि आजवर काही त्रास नाही, अशा बहुतेक लोकांना ऑपरेशन लागत नाही. काही अपवाद आहेत, ते डॉक्टर सांगतील. ज्यांना दुखण्याचे झटके येतात, पित्ताशयाला सूज आलेली आहे किंवा खडा नळीत उतरून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज झाली आहे, त्यांनी मात्र या लेखाला घाबरून ऑपरेशन टाळू नये. टाळत राहिलं तर सूज पुन्हापुन्हा येते आणि पुढचं ऑपरेशन आणखी अवघड होतं.

‘गॅस झालाय’

इजा झाली आहे हे ऑपरेशन चालू असतानाच लक्षात येण्याचं प्रमाण कमी आहे, ढोबळमानानं तीनात एक किंवा त्याहूनही कमी. उरलेल्यांच्या बाबतीत ते पुढच्या दिवसांत किंवा आठवड्यांत कळतं. आणि इथे ओळख दुसऱ्यांदा चुकते. या वेळी नळीची नाही, लक्षणांची.

दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे नंतर एक-दोन दिवस पोट फुगल्यासारखं वाटणं, उजवा खांदा दुखणं हे होतंच. टाक्यांची जागा दुखते, भूक कमी लागते. हे सगळं दिवसागणिक कमी होत जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा बरं, तिसऱ्या दिवशी त्याहून बरं. लक्ष ठेवायचं ते या उतरणीवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं, पोट फुगत चाललं, जेवण नकोसं झालं, मळमळतंय, ताप आला, नाडी जलद आहे, आणि माणूस नुसता पडून आहे, तर ते ‘गॅस’ या एका शब्दात गुंडाळू नका. अंगावर पांघरूण घेऊन कुशीला वळून पडलेला, विचारलं तर ‘बरंय, पण कसंतरीच होतंय’ म्हणणारा रुग्ण घरात असेल तर फोनवर औषध विचारून भागवू नये. त्याला दवाखान्यात न्यावं.

पित्तगळती फसवी असते. पित्तात जंतू नसतील तर ते पोटात पसरूनही सुरुवातीला फारसं दुखत नाही. पोट हाताला मऊ लागतं. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पित्तातलं पिवळं द्रव्य, थोडंसंच वाढलेलं असतं, कारण पित्त तुंबलेलं नसतं, पोटात सांडत असतं. ‘रिपोर्ट तर ठीक आहेत’ असं म्हणून दोन-तीन दिवस निघून जातात, मग जंतुसंसर्ग होतो आणि चित्र एकदम पालटतं. नळी कापून तिच्यावर क्लिप बसली असेल तर गळती होत नाही, पित्त अडतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, अंगाला खाज सुटते. आत ड्रेनची नळी ठेवलेली असेल आणि तीत हिरवट-पिवळा द्रव यायला लागला, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

ऑपरेशननंतरची प्रत्येक कावीळ म्हणजे इजा, असंही नाही. पित्ताशयातला एखादा खडा आधीच मुख्य नळीत घरंगळलेला असू शकतो. म्हणून तपासण्या लागतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये पोटात साचलेला द्रव आणि फुगलेल्या नळ्या दिसतात. एमआरसीपी या एमआरआयच्या प्रकारात नळ्यांचा पूर्ण नकाशा मिळतो: कुठे तुटली, वर किती उरली, उजवी आणि डावी एकमेकींना जोडलेल्या आहेत का. ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन खालून नळीत रंगद्रव्य सोडतात. याचा फायदा असा की त्याच वेळी उपचारही होऊ शकतो. मोठ्या इजेत धमनी शाबूत आहे का तेही पाहावं लागतं, कारण नळीसोबत उजव्या धमनीलाही इजा होणं दुर्मीळ नाही.

दुरुस्ती, आणि ती कुणी करायची

सगळ्या इजा सारख्या नसतात. पित्ताशयाच्या कापलेल्या नळीच्या टोकावरची क्लिप निसटली, किंवा पित्ताशय जिथे यकृताला चिकटलेलं होतं तिथली एखादी बारीक नळी उघडी राहिली, तर गळती होते पण मुख्य नळी शाबूत असते. हा सगळ्यात सौम्य प्रकार, आणि वारंवार दिसणाराही. ईआरसीपीत मुख्य नळीच्या आतड्यातल्या तोंडाशी छोटा छेद देतात आणि आत प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवतात. पित्ताला खाली जायची सोपी वाट मिळाली की ते गळतीच्या बाजूला जात नाही आणि भोक आपोआप बुजतं. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. स्टेंट चार ते आठ आठवड्यांनी काढायचा असतो. ही तारीख डिस्चार्जच्या कागदावर असते आणि बरं वाटायला लागलं की विसरली जाते. विसरलेला स्टेंट महिन्यांनंतर चोंदतो आणि थंडी वाजून ताप येतो.

मुख्य नळीला बाजूनं छोटीशी चीर गेली असेल तर तीही कधी स्टेंटवर निभावते. नळी आरपार तुटली किंवा तिचा तुकडाच गेला तर मात्र मोठं ऑपरेशन. दोन टोकं ओढून पुन्हा शिवली की झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते क्वचितच टिकतं. नळीला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तिच्या दोन्ही कडांनी वर-खाली धावतात, त्या तुटलेल्या असतात, आणि ताण देऊन शिवलेला जोड आखडतो. म्हणून लहान आतड्याचा एक फास वर आणून तो यकृताच्या तोंडाशी निरोगी नळीला थेट जोडतात. पित्त मग या नव्या वाटेनं आतड्यात उतरतं.

हे ऑपरेशन लगेच का करत नाहीत, असा प्रश्न घरचे विचारतातच. एक नळी चुकून कापली, मग उद्याच जोडा ना. इजा टेबलावरच लक्षात आली आणि यकृत-पित्तमार्गाचं काम नेहमी करणारा सर्जन तिथे हजर असेल, तर लगेच करता येतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत, जंतुसंसर्ग नसताना, तज्ज्ञ केंद्रातही करता येतं. पण पोटात पित्त साचून आठवडा गेला असेल तर आतले भाग सुजलेले, ठिसूळ झालेले असतात. टाका धरत नाही. नळ्याही रिकाम्या पडून बारीक झालेल्या असतात. तेव्हा क्रम असा: साचलेलं पित्त सुई-नळी घालून बाहेर काढायचं, अँटिबायोटिक्स द्यायची, नकाशा पूर्ण समजून घ्यायचा, रुग्णाचं खाणंपिणं आणि ताकद सुधारायची, आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांनी ऑपरेशन करायचं. हे आठवडे कंटाळवाणे आणि थकवणारे असतात. कमरेला ड्रेनची पिशवी, रोज किती मिलिलिटर आलं त्याची वहीत नोंद, पित्तासोबत पाणी आणि क्षार जातात म्हणून ते भरून काढण्याची धडपड. पण हे आठवडे घालवले म्हणून जोड टिकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. लॉरेन्स वे यांच्याच गटानं १९९५ साली दुरुस्तीच्या निकालांचा अभ्यास छापला होता. इजा करणाऱ्या मूळ सर्जननंच पहिली दुरुस्ती केली तेव्हा ती १७ टक्के रुग्णांत यशस्वी झाली. पित्तमार्गाच्या तज्ज्ञानं केली तेव्हा ९४ टक्क्यांत. आकडे जुने आहेत, पण त्यामागचं कारण आजही तसंच आहे. पित्ताशय काढणारा उत्तम सर्जनसुद्धा असा जोड वर्षातून एखादाही करत नाही. आणि पहिला जोड फसला की दुसऱ्या वेळी नळी आणखी वर, आणखी आखूड मिळते. आपल्या हातून झालेलं आपणच निस्तरावं ही भावना माणूस म्हणून समजू शकते. पण तिथे योग्य काम एवढंच: ड्रेन ठेवायचा, रुग्णाला आणि घरच्यांना खरं सांगायचं, आणि सगळे कागद, ऑपरेशनची चित्रफीत असेल तर तीही देऊन यकृत-पित्तमार्गाच्या केंद्रात पाठवायचं. इजा होणं म्हणजे दर वेळी हलगर्जीपणा नव्हे. ती लपवणं, किंवा आठवडाभर ‘बघू, होईल बरं’ म्हणत ठेवणं, याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

ईडन यांचा ताप

अँथनी ईडन ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असताना एप्रिल १९५३ मध्ये लंडनला त्यांचं पित्ताशय काढलं गेलं आणि पित्तनलिकेला इजा झाली. तिथेच दुसरं ऑपरेशन करावं लागलं. शेवटी जूनमध्ये बोस्टनच्या लाही क्लिनिकचे रिचर्ड कॅटेल यांनी नळीची दुरुस्ती केली. ते काम चांगलं झालं आणि ईडन १९५५ साली पंतप्रधानही झाले. पण नळीत पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होत राहिला. ऑक्टोबर १९५६ मध्ये, इजिप्तमधल्या सुएझ कालव्याचा पेच ऐन भरात असताना, त्यांना १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला. सुएझच्या निर्णयांवर या आजारपणाचा किती परिणाम झाला, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. डॉक्टरांना त्यात ओळखीचं दिसतं ते तापाचं वेळापत्रक. दुरुस्ती झाली, माणूस कामाला लागला, आणि तीन वर्षांनी अचानक हुडहुडी भरली.

आज निकाल तेव्हापेक्षा खूप चांगले आहेत. अनुभवी केंद्रात केलेला जोड बहुतेकांना आयुष्यभर साथ देतो. तरी काहींचा जोड पुढे आखडतो, बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत, क्वचित दहा वर्षांनंतरही. म्हणून तपासण्या सोडायच्या नसतात. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम मोजतात. नळी आखडायला लागली की ते बिलिरुबिनच्या आधी चढतं. डोळे पांढरेशुभ्र असतात, रुग्णाला काही जाणवत नाही, आणि कागदावरचा आकडा मात्र दर खेपेला थोडा वर सरकलेला असतो. त्या टप्प्यावर लक्षात आलं तर पोटाच्या कातडीतून यकृतातल्या नळीत सुई घालून, फुग्यानं जोड रुंद करता येतो आणि पुन्हा पोट उघडावं लागत नाही. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, आणि तिथे पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगायचं की माझी पित्तनलिका आतड्याला जोडलेली आहे. आतड्याची वाट बदलल्यामुळे अशा रुग्णात नेहमीची ईआरसीपीची दुर्बीण जोडापर्यंत पोचत नाही. समोरच्या डॉक्टरला हे आधी कळलं तर तो थेट दुसऱ्या मार्गाची तयारी करतो. मूळ ऑपरेशनच्या नोंदीची एक प्रत आणि फोनमध्ये तिचा फोटो, दोन्ही जवळ असू द्यावेत.